दुसरा मॉनिटर : ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

एका कॉम्प्युटरला दोन मॉनिटर म्हणजे पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांची चैन, हा पहिला गैरसमज. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्याच्या किन्हीराजाच काय, कुठल्याही गावातल्या ज्या माणसानं आधार काढलं आहे, त्यानं ही जोडणी बहुधा पाहिलेली असते. ऑपरेटरसमोर एक स्क्रीन आणि आपल्याकडे तोंड केलेली दुसरी. तिच्यावर नाव, जन्मतारीख, पत्ता वाचून आपण 'बरोबर आहे' म्हणतो. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात रंजना सोनवणे यांना मिळालं. त्यानंतर नोंदणी केंद्रांच्या पाठोपाठ दोन स्क्रीनची ही मांडणीही खेड्यापाड्यांत पोचली. विंडोजमध्ये तर ही सोय विंडोज ९८ पासून आहे.

आधार केंद्रावर दोन्हीकडे तेच चित्र दिसतं. घरी मात्र खरा फायदा वेगवेगळं चित्र दिसण्यात आहे. पीकविम्याचा अर्ज भरताना एका बाजूला सातबारा आणि दुसरीकडे फॉर्म उघडा असला की गट नंबर, क्षेत्र, खाते क्रमांक बघून-बघून टाकता येतो. खिडक्या सारख्या खालीवर कराव्या लागत नाहीत आणि आकडाही चुकत नाही.

आता खर्चाचं. 'त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं' असं कोणीतरी सांगतं आणि विषय तिथंच संपतो. गेम खेळायचे नसतील तर बहुतेकांना ते लागत नाही. ज्याला आपण सीपीयू म्हणतो तो डबा वळवून मागं बघा. निळी, पंधरा पिनांची व्हीजीए आणि शेजारी चपटी एचडीएमआय, अशा दोन जागा मदरबोर्डवरच असतील तर काम झालं. दोन्ही एकाच जातीच्या असायची गरज नाही. एक मॉनिटर व्हीजीएवर, दुसरा एचडीएमआयवर खुशाल चालतो. इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्सही दोन स्क्रीन सांभाळतं. तिसऱ्या पिढीपासून, म्हणजे २०१२ पासून, तीन. अपवाद लक्षात ठेवावा : ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असतो त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं, तिथं कार्डाशिवाय एकही मॉनिटर चालत नाही. कार्ड आधीच बसवलेलं असेल, तर दोन्ही वायरी कार्डालाच जोडा. कार्ड बसवल्यावर मदरबोर्डवरच्या जागा अनेकदा आपोआप बंद होतात, आणि मग 'मॉनिटर खराब आहे' असा निकाल लागतो. लॅपटॉपवाल्यांचं त्याहून सोपं : स्वतःची स्क्रीन एक, एचडीएमआयवर जोडलेली दुसरी.

'कॉम्प्युटर हळू होईल' ही भीतीही फुकाची. फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरले तर एका चित्राला जेमतेम ८ एमबी लागतात. ४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनलाही त्याचं ओझं नाही. मशीन दमते ती दोन्हीकडे व्हिडिओ आणि ब्राउझरचे वीस टॅब उघडून ठेवल्यामुळे.

पैसे सगळ्यात जास्त वाया जातात ते वायरींवर. स्प्लिटर घेतला की दोन मॉनिटर वेगवेगळे चालतील, असं समजून तो आणला जातो. स्प्लिटर म्हणजे नळाला लावलेला दोन तोंडांचा पाइप. दोन्हीकडून तेच पाणी येणार. आधार केंद्रासारखं एकच चित्र दोनदा हवं असेल तर तो कामाचा, एरवी नाही. दुसरी फसगत कन्व्हर्टरची. व्हीजीएमधून जाणारा संकेत ॲनालॉग, एचडीएमआयचा डिजिटल. त्यामुळे कन्व्हर्टरच्या आत चिप असते आणि तो एकाच दिशेनं चालतो. सीपीयूला एचडीएमआय आणि मॉनिटरला व्हीजीए असेल तर 'एचडीएमआय टू व्हीजीए'. उलट असेल तर उलटाच घ्यावा लागतो. दोन्ही दिसायला जवळजवळ सारखेच, म्हणून दुकानातच जोडून बघावेत.

दोन्ही मॉनिटर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे लागत नाहीत. माळ्यावर पडलेला जुना १७ इंचीही चालेल. टीव्हीही चालतो, पण ३२ इंची साध्या एचडी टीव्हीवर बहुधा १३६६ गुणिले ७६८ एवढेच ठिपके असतात, म्हणून जवळून अक्षरं फुटल्यासारखी दिसतात. सिनेमाला ठीक, टायपिंगला नाही.

जोडल्यावर काहीच दिसलं नाही, किंवा दोन्हीकडे तेच दिसलं, तर मिस्त्रीला बोलावण्याआधी विंडोजचं बटण धरून 'पी' दाबा आणि 'एक्सटेंड' निवडा. माऊस भलत्याच बाजूनं पलीकडे जात असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये १ आणि २ असे दोन चौकोन दिसतात. टेबलावर मॉनिटर जसे ठेवले आहेत तसे ते ओढून लावायचे. एवढंच.

वीजबिलाचं म्हणाल, तर २२ इंची एलईडी मॉनिटर साधारण २० ते २५ वॅट घेतो. रोज चार तास चालवला तरी महिन्याला तीन युनिट. बिलापेक्षा लाइन जाण्याचा विचार आधी करावा. छोट्या यूपीएसवर दोन्ही मॉनिटर टाकले तर बॅकअप तेवढा कमी मिळतो, म्हणून दुसरा साध्या सॉकेटवर ठेवावा. लाइन गेल्यावर तो काळा पडेल, पण कॉम्प्युटरला कित्येकदा तो चालूच वाटतो आणि अर्धवट भरलेला फॉर्म त्या काळ्या स्क्रीनवर अडकतो. अशा वेळी त्या खिडकीवर येऊन विंडोज, शिफ्ट आणि बाणाची कळ एकत्र दाबली की ती चालू स्क्रीनवर येते.

मालेगावला किंवा वाशिमला खरेदीला निघण्याआधी सीपीयूच्या आणि मॉनिटरच्या मागच्या बाजूचे फोटो मोबाईलमध्ये काढून घ्या आणि दुकानदाराला तेच दाखवा.