पानटपरी आणि परवाना

तंबाखू विकण्यासाठी भारतभर लागू असलेला एकच परवाना नाही. 2003 च्या केंद्रीय तंबाखू नियंत्रण कायद्यात विक्रीवर बंधने आहेत, पण विक्रेत्याच्या नोंदणीची अट नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर 2017 मध्ये राज्यांना पत्र पाठवून ही उणीव भरून काढण्याची सूचना केली: पालिकेच्या परवान्याशिवाय तंबाखूविक्री नको आणि अशा दुकानात चॉकलेट, बिस्किटे, वेफर्स नकोत. मुले टपरीकडे वळतात ती बहुधा याच खाऊसाठी. सूचना मात्र राज्यांवर बंधनकारक नाही.

बंधने मात्र परवाना असो वा नसो, पाळावीच लागतात. 18 वर्षांखालील व्यक्तीला विक्री नाही, शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांत दुकान नाही, आणि किमान 60 बाय 30 सेंटिमीटरचा इशाराफलक हवा. 2003 च्या कायद्यात अल्पवयीनाला विक्रीचा दंड जेमतेम 200 रुपयांपर्यंत. 2015 च्या बालन्याय कायद्यात मात्र सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. महाराष्ट्रात 2012 पासून गुटखाबंदी आहे, 2020 पासून सुटी सिगारेट-विडी विकण्यासही मनाई आहे. ई-सिगारेटला तर परवाना मिळूच शकत नाही. 2019 पासून तिची विक्री देशभर बंद आहे.