वर्गणी सरल्यावर हक्क कोणाचा?

छापील शोधपत्रिकांच्या काळी विद्यापीठाच्या ग्रंथालयाने एखाद्या परदेशी पत्रिकेची वर्गणी भरली, की वर्षभर अंक टपालाने येत, वर्षअखेरीस ते बांधणीला जात, खंडाच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत वर्ष उमटे, नोंदवहीत त्याला दाखल क्रमांक मिळे. आणि पुढे वर्गणी थांबली किंवा प्रकाशकाशी बेबनाव झाला, तरी तो खंड फडताळातून काढून नेण्याची कोणाची प्राज्ञा नसे. पत्रिका संगणकावर आल्या आणि हा शिरस्ता मोडला. मजकूर आता प्रकाशकाच्या दप्तरी राहतो आणि ग्रंथालयाला मिळतो तो, करारात वेगळे कलम नसेल तर, केवळ मुदतीचा वाचन-परवाना.

मुदत सरल्यावर काय घडते, हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाने अनुभवले. दहा आवारांच्या या विद्यापीठाचा एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेशी असलेला करार 31 डिसेंबर 2018 रोजी संपला. वाचनाची वर्गणी आणि आपल्या संशोधकांचे लेख जगाला विनामूल्य खुले करण्याचे शुल्क या दोहोंचा हिशेब एकाच करारात व्हावा, ही विद्यापीठाची मागणी होती. ती मान्य होईना, तेव्हा फेब्रुवारी 2019 मध्ये विद्यापीठाने वाटाघाटी थांबवल्या आणि त्याच वर्षीच्या जुलैत प्रकाशकाने नव्या लेखांचे दार बंद केले.

त्यानंतर संशोधकाला पडद्यावर लेखाचे शीर्षक दिसे, लेखकांची नावे दिसत, सारांशही वाचता येई. पूर्ण लेख मात्र पैसे मोजल्यावाचून उघडत नसे. ग्रंथपालांनी अन्य ग्रंथालयांकडून लेख मागवून दिले, लेखकांनी मुक्त भांडारांत ठेवलेल्या प्रती शोधून दिल्या, थेट लेखकाला पत्र लिहिण्याचा मार्ग दाखवला. तथापि खरा आधार होता तो पूर्वीच्या करारांतील कायम हक्काच्या, म्हणजे वर्गणी भरलेल्या वर्षांचे लेख पुढेही वाचू देणाऱ्या, कलमाचा. त्याच्या बळावर 2018 पर्यंतचे बहुतेक लेख वाचकांच्या हाती राहिले. मार्च 2021 मध्ये नवा करार झाला, आणि त्यात वाचन व मुक्त प्रकाशन यांची सांगड घातली गेली.

कलमाला प्रत्यक्ष जतनाची जोडही हवी, कारण प्रकाशनसंस्थाच बुडाली तर कागदावरचा हक्क कोठे बजावायचा? स्टॅनफर्ड विद्यापीठात आरंभ झालेल्या ‘लॉक्स’ योजनेत अनेक ग्रंथालये एकाच मजकुराच्या प्रती स्वतःच्या संगणकांवर ठेवतात, त्या परस्परांशी ताडून पाहतात आणि एखादी प्रत बिघडली तर दुरुस्त करून घेतात.

आपल्या देशाला हा विषय आता परका राहिलेला नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेस मंजुरी दिली आणि 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपयांची तरतूद केली. तीस प्रकाशकांच्या सुमारे 13,000 पत्रिका 6,300 हून अधिक शासकीय संस्थांना खुल्या करणारी ही योजना निःसंशय स्वागतार्ह आहे, कारण मुंबईच्या शासकीय संस्थेतील विद्यार्थ्याला जे वाचता येते तेच गडचिरोलीच्या विद्यार्थ्यालाही वाचता यावे, ही न्याय्य अपेक्षा तिच्यामुळे दृष्टिपथात आली आहे. परंतु तीन वर्षांची मुदत पाहता पाहता सरते. म्हणून पुढील करार होईल तेव्हा प्राध्यापकांनी, कुलगुरूंनी आणि ज्यांच्या करातून हा पैसा जातो त्या नागरिकांनीही दराइतक्याच आग्रहाने विचारावे, की ज्या वर्षांची वर्गणी आपण भरली त्या वर्षांचे लेख करार संपल्यावरही आपलेच राहतील, असे कलम त्यात आहे काय? नसेल, तर ते घातल्यावाचून सही होऊ देऊ नये.