गाडीतला जीव आणि कृष्णविवर

दसऱ्याच्या सकाळी नाशिकच्या कुठल्याही गल्लीत फेरफटका मारा. स्कूटर, रिक्षा, ट्रक, ट्रॅक्टर सगळे न्हाऊन-धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभे असतात. लोखंडाला हळदकुंकू वाहताना आपल्याला मुळीच अवघडल्यासारखे होत नाही. वर्षभर साथ देणाऱ्या यंत्रात थोडा जीव असणारच, अशी आपली समजूत!

बीबीसीवर 23 नोव्हेंबर 1963 रोजी सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेने हीच समजूत थेट कालप्रवासापर्यंत नेली. तिच्यातले ‘टार्डिस’ हे यान बाहेरून पोलिसांच्या निळ्या खोक्याएवढे, आतून मात्र ऐसपैस. ते जिवंत आहे. रुसतेही आणि आपल्या माणसाला सांभाळतेही. त्याला शक्ती कोठून मिळते? 1976 मधल्या एका कथेत उलगडा झाला : कृष्णविवराच्या गाभ्यातून.

यात खरे किती? यानाला जीव, ही कल्पना. पण कृष्णविवराची शक्ती ही थाप नव्हे. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे हेलियम होताना वस्तुमानाच्या जेमतेम 0.7 टक्के भागाची ऊर्जा होते. वेगाने गिरक्या घेणाऱ्या कृष्णविवराकडे ओढला जाणारा वायू मात्र आत पडण्यापूर्वी इतका तापतो, की हे प्रमाण 40 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. शिवाय कृष्णविवराजवळ घड्याळ मंदावते. तिथे थोडा काळ काढून परतणाऱ्याला घरी कितीतरी जास्त वर्षे उलटलेली दिसतील. भविष्यात जाण्याची ही एक वाट झाली. गेलेले बालपण मात्र तिने परत मिळत नाही.

गंमत म्हणजे त्याआधी दोनच वर्षे, 1974 साली, मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ याच नावाची कथा पहिली आली. लेखक, नारायण विनायक जगताप. असा कोणी लेखक नव्हताच! जयंत विष्णू नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले होते. कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात पाठवली होती. जगभर नाव झालेल्या शास्त्रज्ञाला आपल्या नावावर बक्षीस नको होते. कथा कथा म्हणून उतरते का, एवढेच पाहायचे होते.

1975 च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवतांनी त्यांच्या विज्ञानकथांचे कौतुक केले. डिसेंबर 2021 मध्ये नाशिकला 94 वे संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी स्वतः नारळीकर होते. प्रकृतीमुळे त्यांना येता आले नाही. 20 मे 2025 रोजी ते गेले.

घरातले पोर असली मालिका पाहून विचारते, “हे खरं असतं का हो, बाबा?” तेव्हा “काहीतरीच!” म्हणून त्याला गप्प करू नका. यातले खरे कोणते आणि रचलेले कोणते, ते त्याच्याबरोबर बसून निवडा. नारळीकरांची एखादी कथा हाती द्या. आणि दसऱ्याला त्याच्या सायकललाही एक माळ घाला.