मार्गिकांचा हिशेब

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेमिंग संगणक असेंबल करून घ्यायला येणारा गिऱ्हाईक बहुधा दोन गोष्टी ठरवूनच येतो: प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड. कोटेशनवर मदरबोर्डची ओळ आली की मात्र तो अडखळतो. समजा, प्रोसेसर एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी आहे. त्याला एक्स८७०ई चालतो, एक्स८७० चालतो आणि बी८५०ही चालतो. नावं चिपसेटची, आणि बोर्डांच्या किमतींत दुपटीहूनही अधिक अंतर. ‘एवढा खर्च करतोच आहेस तर बोर्डही वरचाच घे,’ असा सल्ला लगेच मिळतो. तो मानण्याआधी चिपसेट हा प्रकार आहे तरी काय आणि आज त्याच्याकडे नेमकं कोणतं काम उरलं आहे, हे पाहायला हवं.

१९८१च्या आयबीएम पीसीच्या बोर्डवर इंटेलच्या ८०८८ प्रोसेसरभोवती मदतनीस चिपांची दाटी होती. कीबोर्डसारख्या उपकरणांचे व्यत्यय-संकेत ८२५९ हाताळत असे, वेळेची गणती ८२५३कडे होती, प्रोसेसरला मध्ये न घालता मेमरीत माहिती पोचवणं हे ८२३७चं काम होतं. गॉर्डन कॅम्पबेल आणि फिलिपिन्समध्ये जन्मलेले अभियंते दादो बनाताओ यांच्या चिप्स अँड टेक्नॉलॉजीज या कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या मध्यात पीसी/एटीच्या बोर्डवरची ही गर्दी पाच चिपांच्या एका संचात आणली. आयबीएमशी सुसंगत संगणक बनवणं त्यामुळे लहान कंपन्यांच्याही आवाक्यात आलं. आज आपण हवे ते सुटे भाग घेऊन संगणक जोडतो, त्या बाजारपेठेच्या पायात हा संच आहे. ही कंपनी विकत घेण्याचा निर्णय इंटेलने १९९७ साली जाहीर केला.

नव्वदच्या दशकात चिपसेट दोन मोठ्या चिपांत विभागला गेला. मेमरी आणि ग्राफिक्स सांभाळणारी नॉर्थब्रिज प्रोसेसरजवळ असे. डिस्क, यूएसबी आणि इतर संथ उपकरणं सांभाळणारी साउथब्रिज तिच्या पलीकडे. १९९८चा इंटेल ४४०बीएक्स हा त्या काळातला गेमर लोकांचा लाडका चिपसेट. त्याच्या बसचा अधिकृत वेग १०० मेगाहर्ट्झ, पण हौशी मंडळी ती १३३वर चालवत. ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए या बोर्डवर ४५०वर पळे आणि कितीतरी महाग प्रोसेसरच्या बरोबरीला येई. मेमरीकडे जाणारी वाट चिपसेटमधूनच जात होती. साहजिकच चिपसेट बदलला की खेळाचा वेग बदलत असे.

पुढे ही वाटच बदलली. २००३ साली एएमडीने अ‍ॅथलॉन ६४ मध्ये मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत नेला. इंटेलने २००८च्या पहिल्या कोअर आय७ मध्ये तेच केलं, आणि २००९च्या पुढच्या मालिकेत ग्राफिक्स कार्डाची जोडणीही प्रोसेसरमध्ये गेली. नॉर्थब्रिज संपली. आज ज्याला आपण चिपसेट म्हणतो ती जुन्या साउथब्रिजची वारसदार आहे. फ्रेम रेट ज्यावर अवलंबून असतो ते प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड एकमेकांशी थेट बोलतात. म्हणून एकच प्रोसेसर, तीच रॅम आणि तेच कार्ड दोन चांगल्या बोर्डांवर बसवलं, तर चिपसेटच्या नावामुळे खेळ वेगवान होत नाही.

मग चिपसेट ठरवतो काय? किती गोष्टी जोडता येतील, आणि त्यांतल्या किती एकाच वेळी पूर्ण वेगाने चालतील. हा सगळा हिशेब पीसीआय एक्स्प्रेसच्या मार्गिकांचा, म्हणजे लेनचा आहे. या तंत्राच्या जडणघडणीत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले इंटेलचे तत्कालीन अभियंते अजय भट्ट यांचा मोठा वाटा आहे. यूएसबीचे एक जनक म्हणूनही जग त्यांना ओळखतं. चौथ्या पिढीची एक मार्गिका एका दिशेने सेकंदाला सुमारे २ गिगाबाइट वाहते, पाचव्या पिढीची सुमारे ४.

एएमडीच्या एएम५ सॉकेटमधल्या ९८००एक्स३डीकडे स्वतःच्या २८ मार्गिका आहेत. त्यांतल्या ४ चिपसेटकडे जातात. उरलेल्या २४ पैकी १६ ग्राफिक्स कार्डासाठी, आणि ८ एम.२ एसएसडी किंवा यूएसबी४ यांसाठी. बोर्ड कोणताही घ्या, प्रोसेसर देतो तेवढंच देतो. एक्स८७०ई वर प्रोमंटरी २१ नावाच्या दोन चिप एकीमागे एक जोडलेल्या असतात. एक्स८७० आणि बी८५० वर तीच चिप एकटी असते. एक्स८७०च्या दोन्ही प्रकारांत यूएसबी४ आणि ग्राफिक्ससाठी पाचव्या पिढीचा स्लॉट सक्तीचा आहे, बी८५०मध्ये या दोन्ही गोष्टी बोर्ड बनवणाऱ्याच्या मर्जीवर आहेत. दोन चिपांमुळे जोडण्या नक्कीच वाढतात. प्रोसेसरकडे जाणारा दुवा मात्र चौथ्या पिढीच्या त्याच चार मार्गिकांचा, सुमारे ८ गिगाबाइटचा राहतो. वाड्यात खोल्या वाढवल्या तरी दिंडी दरवाजा एकच, तसं हे आहे. चौथ्या पिढीची एक चांगली एसएसडी सेकंदाला सुमारे ७ गिगाबाइट वाचते, म्हणजे ती एकटीच हा दुवा जवळजवळ भरून टाकते. चिपसेटवर तीन एसएसडी लावता येतात, पण तिन्ही एकदम पूर्ण वेगाने धावू शकत नाहीत.

इंटेलच्या बाजूला झेड८९० आणि प्रोसेसर यांच्यातला दुवा चौथ्या पिढीच्या आठ मार्गिकांचा, म्हणजे दुप्पट रुंद आहे. बी८६० मध्ये तो चारच मार्गिकांचा. इंटेलकडे आणखी एक कुंपण आहे: प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग फक्त झेड मालिकेवर करता येतं, बी८६० रॅमचा वेग वाढवू देतो पण प्रोसेसरचा नाही. ‘के’ अक्षराचा महाग प्रोसेसर घेऊन तो बी८६० वर बसवला, तर ज्या सोयीसाठी जास्तीचे पैसे मोजले ती कुलपातच राहते. एएमडीने बी८५० वर हे कुंपण घातलेलं नाही.

वरचा चिपसेट म्हणजे चांगला चिपसेट, ही समजूत एका जुन्या उदाहरणाने तपासून पाहता येते. २०१९ साली एएमडीने एक्स५७० आणला. सगळीकडे चौथ्या पिढीच्या मार्गिका देणारी ही चिप सुमारे ११ वॅट उष्णता सोडे, आणि बहुतेक बोर्डांवर तिच्या डोक्यावर छोटा पंखा बसवावा लागला. असा पंखा बहुधा ग्राफिक्स कार्डाच्या खाली येतो, धूळ खातो आणि काही वर्षांनी आवाज करू लागतो. पुढच्याच वर्षी आलेल्या बी५५० ला पंख्याची गरज नव्हती. त्याच्या स्वतःच्या मार्गिका तिसऱ्या पिढीच्या होत्या, पण ग्राफिक्स कार्ड आणि मुख्य एसएसडी यांना प्रोसेसरकडून थेट चौथी पिढी मिळत होती. एक कार्ड आणि एक वेगवान एसएसडी एवढंच लागणाऱ्या गेमरला स्वस्तातला बोर्ड जास्त शांत आणि तितकाच वेगवान पडला.

याचा अर्थ चिपसेट दुय्यम आहे असा मात्र नाही. जानेवारी २०११च्या अखेरीस इंटेलने आपल्या नव्या ६-मालिकेच्या चिपसेटचा पुरवठा थांबवला. आतल्या एका ट्रान्झिस्टरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं आणि त्यामुळे काही साटा पोर्ट कालांतराने कमकुवत होण्याचा धोका होता. दुरुस्ती आणि बदलीचा खर्च कंपनीने सुमारे ७० कोटी डॉलर धरला. प्रोसेसरमध्ये काहीही दोष नव्हता, तरी बोर्ड परत घ्यावे लागले. रॅम बदलता येते, कार्ड बदलता येतं. चिपसेट बोर्डवर झाळलेला असतो आणि बोर्ड आहे तोवर तो आपल्यासोबत असतो.

म्हणून निवडताना पुढची वर्षंही धरायला हवीत. एएमडीच्या एएम४ सॉकेटची गोष्ट त्यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०२० साली कंपनीने बी४५० आणि एक्स४७० या चिपसेटना रायझन ५००० प्रोसेसरसाठी आधार मिळणार नाही असं जाहीर केलं. ग्राहकांनी आवाज उठवला आणि कंपनीने निर्णय फिरवला. त्यामुळे २०१८ साली घेतलेल्या बी४५० बोर्डवर बायोस अद्ययावत करून २०२२चा ५८००एक्स३डी बसवता आला, आणि खेळांसाठी तो त्या काळातला अव्वल प्रोसेसर होता. मधल्या दर्जाच्या बोर्डने चार वर्षांनी अव्वल खेळ खेळवला.

ज्या कामाचं श्रेय चिपसेटच्या नावाला उगाच दिलं जातं, ते प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएमचं. तो बोर्ड बनवणारी कंपनी ठरवते. ९८००एक्स३डीचं अधिकृत औष्णिक मान १२० वॅट आहे आणि चांगल्या व्हीआरएमचा, जाड हीटसिंकचा बी८५० बोर्ड ते आरामात पेलतो. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या नागपूर-अकोल्यात त्या हीटसिंककडे जास्त लक्ष द्यावं. आरटीएक्स ५०९० ५७५ वॅट घेतं म्हणून बोर्ड भारी हवा, हेही खरं नाही. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट जातात, बाकीची वीज एसएमपीएसच्या केबलने थेट कार्डाला मिळते. तिथे पैसे एसएमपीएसवर घालावेत.

माझं मत स्पष्ट आहे. एक ग्राफिक्स कार्ड, दोन-तीन एसएसडी, रॅमच्या दोन पट्ट्या आणि खेळ हेच मुख्य काम असेल, तर बी८५०चा दणकट बोर्ड घ्यावा आणि उरलेले पैसे कार्डाकडे किंवा मॉनिटरकडे वळवावेत. चार-पाच एसएसडी, कॅप्चर कार्ड, १० गिगाबिट नेटवर्क, यूएसबी४ची बाह्य डिस्क असा संसार असेल, खेळासोबत स्ट्रीमिंग आणि व्हिडिओ संपादनही असेल, तर एक्स८७०ई किंवा झेड८९०साठी जास्त मोजलेला रुपया सत्कारणी लागतो.

दोन्ही बाबतीत पैसे देण्याआधी बोर्डचं मॅन्युअल उतरवून घ्यावं आणि त्यातला ब्लॉक डायग्राम वाचावा. बऱ्याच एक्स८७० बोर्डांवर यूएसबी४ आणि दुसरा एम.२ स्लॉट यांना प्रोसेसरच्या त्याच चार मार्गिका वाटून घ्याव्या लागतात. काही बोर्डांवर विशिष्ट एम.२ स्लॉट भरला की ग्राफिक्स कार्डाच्या सोळा मार्गिका आठ होतात. पाचव्या पिढीच्या आठ म्हणजे चौथीच्या सोळा, त्यामुळे खेळात मोठी घट दिसत नाही. पण हे आपल्याला आधी ठाऊक असावं. खोक्यावरचं नाव जोडण्यांची कमाल मर्यादा सांगतं. त्यातलं नेमकं काय आपल्या वाट्याला येणार, हे त्या आकृतीत लिहिलेलं असतं. ती वाचायला अर्धा तास लागतो, आणि बोर्ड पाच-सहा वर्षं वापरायचा असतो.