श्रेयनामावली आणि श्रोत्याचा शोध : स्वतंत्र संगीत, रिमिक्स व म्युझिक व्हिडिओ

गोषवारा

नवे संगीत निर्माण होणे आणि ते श्रोत्यास सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गेल्या काही दशकांत निर्मितीची साधने स्वस्त व सुलभ झाली; शोधाची वाट मात्र त्या प्रमाणात सोपी झाली नाही. प्रस्तुत लेखात स्वतंत्र संगीत, रिमिक्स आणि म्युझिक व्हिडिओ या तीन प्रकारांच्या आधारे या वाटेचे स्वरूप स्पष्ट केले आहे. गीतकार, संगीतकार, गायक, रिमिक्सकार व दिग्दर्शक यांच्या नावांचा उल्लेख म्हणजे केवळ सौजन्य नसून तेच श्रोत्याच्या शोधाचे मूलभूत साधन होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्वतंत्र संगीत, रिमिक्स, म्युझिक व्हिडिओ, श्रेयनिर्देश, नाममुद्रा, प्रतिमुद्राधिकार

प्रस्तावना

१९४९ साली 'महल' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातील 'आयेगा आनेवाला' या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव 'कामिनी' असे छापलेले होते. वस्तुतः कामिनी हे चित्रपटातील पात्राचे नाव. गीत आकाशवाणीवरून वाजू लागताच श्रोत्यांनी गायिका कोण, अशी विचारणा सुरू केली आणि अखेर लता मंगेशकर हे नाव जाहीर झाले. पार्श्वगायकांना श्रेय मिळण्याच्या इतिहासात हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. तथापि त्याची दुसरी बाजूही विचारात घेण्याजोगी आहे. नाव कळल्यामुळे गायिकेस मान मिळाला, तसेच त्या आवाजातील इतर गीते शोधण्याचे साधन श्रोत्याच्या हाती आले. ज्या गाण्याचा कर्ता अज्ञात असतो, ते गाणे ऐकून संपते. ज्याचा कर्ता ज्ञात असतो, ते पुढील गाण्याकडे नेते.

शोधाचे मार्ग त्या काळी मोजकेच होते. १९५२ मध्ये तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत हद्दपार झाले आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ साली विविध भारती सुरू झाल्यावर चित्रपटगीते आकाशवाणीवर परतली. गीतासोबत चित्रपट, गायक, गीतकार व संगीतकार यांची नावे सांगण्याच्या निवेदकांच्या प्रथेने अनेक पिढ्यांचे कान घडविले. या पार्श्वभूमीवर पुढील तीन प्रश्नांचा विचार येथे केला आहे.

१. 'स्वतंत्र' संगीत कशास म्हणावे आणि ते श्रोत्यापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचले?
२. रिमिक्स व म्युझिक व्हिडिओ यांमध्ये मूळ कर्त्याचे व नव्या कर्त्याचे स्थान काय?
३. आजच्या संगणकीय शिफारस-व्यवस्थेत श्रोत्याच्या शोधाचे काय होते?

स्वतंत्र संगीत : शैली नव्हे, व्यवस्था

'इंडी' हा शब्द आज एखाद्या संगीतशैलीचे नाव म्हणून वापरला जातो. मुळात तो निर्मिती व वितरणाच्या व्यवस्थेचा निदर्शक होता. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टर येथील 'बझकॉक्स' या वाद्यवृंदाने 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गीतांची ध्वनिमुद्रिका स्वतःच्या 'न्यू हॉर्मोन्स' या नावाने प्रकाशित केली. त्यासाठी लागलेले सुमारे ५०० पौंड आप्त व मित्रांकडून उसने घेतले होते. मोठ्या कंपनीच्या आश्रयाविना ध्वनिमुद्रिका निघू शकते, हे या प्रयत्नाने दाखवून दिले. मुद्रिकेच्या वेष्टनावर प्रत्येक गीत कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले, याचीही नोंद छापली होती. निर्मितीची प्रक्रिया झाकून न ठेवता ती श्रोत्यापुढे उघड करण्याची ही वृत्ती पुढे स्वतंत्र संगीताची ओळख ठरली.

ध्वनिमुद्रिका निघाली तरी ती दुकानात पोहोचणे आवश्यक असते. १९७६ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या 'रफ ट्रेड' या दुकानाने पुढे वितरणाचे कामही हाती घेतले. १९८० च्या जानेवारीपासून ब्रिटनमध्ये स्वतंत्र ध्वनिमुद्रिकांची वेगळी क्रमवारी प्रसिद्ध होऊ लागली. तीत समावेशाचा निकष शैलीचा नव्हता. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणेबाहेरील वितरण हाच तो निकष होता.

भारतात हा प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा राहिला. येथे लोकप्रिय संगीताचे प्रमुख वाहन चित्रपट हेच होते. त्यामुळे जे चित्रपटाबाहेरचे, ते स्वतंत्र, अशी ढोबळ समजूत रूढ झाली. मुंबईत १९८६ साली 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला; १९९३ मध्ये अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे नियतकालिक निघू लागले; २००० साली 'इंडियन ओशन' या वाद्यवृंदाचा 'कंदिसा' हा संग्रह प्रकाशित झाला; २०१० मध्ये पुण्यात 'एनएच-७ वीकेंडर' या महोत्सवास प्रारंभ झाला. महोत्सव, नियतकालिक आणि मित्रमंडळींत हातोहात फिरणाऱ्या ध्वनिफिती या मार्गांनी श्रोता नव्या वाद्यवृंदापर्यंत पोहोचत असे. २०१४ मध्ये कुर्ल्यातील नेझी या तरुणाने 'आफत' हे रॅपगीत व त्याचा व्हिडिओ आयपॅडच्या साहाय्याने तयार केला, तेव्हा निर्मितीचा खर्च किती खाली आला आहे याचा प्रत्यय आला.

रिमिक्स : एका शब्दाचे दोन अर्थ

रिमिक्सचे मूळ ध्वनिमुद्रणाच्या तंत्रात आहे. जमैकातील किंग्स्टन शहरात किंग टबी या नावाने ओळखले जाणारे ऑझबर्न रडॉक हे विद्युत उपकरणांचे दुरुस्तीकाम करणारे तंत्रज्ञ होते. मुद्रित गीतातील गायन कमी करून, ढोल व बास यांना प्राधान्य देऊन, प्रतिध्वनीची भर घालून त्यांनी १९७० च्या दशकात 'डब' या प्रकारास आकार दिला. त्याच दशकात न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टन यांनी नृत्यगृहांसाठी गीतांची दीर्घ रूपे तयार केली. त्यांच्या कामाच्या मुद्रिकांवर 'टॉम मोल्टन मिक्स' असा उल्लेख छापला जाऊ लागला. गीत रचणारा व गाणारा यांच्याबरोबर मुद्रणाची पुनर्रचना करणाराही कर्ता असतो, ही गोष्ट या उल्लेखाने मान्य झाली. श्रोते मूळ गायकाबरोबर मोल्टन यांचे नाव पाहूनही मुद्रिका शोधू लागले.

भारतात मात्र या शब्दाचा अर्थ पालटला. येथे दोन प्रक्रिया वेगळ्या करणे आवश्यक आहे. जुने गीत नव्या गायकाकडून गाऊन घेतले की ते 'वर्जन' ठरते. मूळ मुद्रणाचीच मोडतोड करून नवी रचना केली की ते काटेकोर अर्थाने रिमिक्स होय. १९८० च्या दशकात ध्वनिफितींच्या प्रसारासोबत जुन्या चित्रपटगीतांच्या वर्जन-ध्वनिफितींची मोठी बाजारपेठ निर्माण झाली. प्रतिमुद्राधिकार कायदा, १९५७ मधील कलम ५२(१)(ञ) च्या तरतुदीमुळे मूळ मुद्रणास दोन वर्षे झाल्यावर पूर्वसूचना व स्वामित्वशुल्क देऊन असे पुनर्मुद्रण करता येत असे. २००२ साली गाजलेले 'कांटा लगा' हे रिमिक्स म्हणून ओळखले जाते; प्रत्यक्षात 'समाधी' (१९७२) या चित्रपटातील, राहुलदेव बर्मन यांनी संगीत दिलेले व लता मंगेशकरांनी गायिलेले ते गीत शाश्वती फुकन यांच्या आवाजात पुन्हा मुद्रित केले होते. अर्थात, आज 'रिमिक्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लाटेतील बरीचशी गीते तंत्रदृष्ट्या नव्या तालावरील वर्जनेच होती.

२०१२ च्या दुरुस्तीने वरील तरतूद वगळून कलम ३१-ग आणले. त्यानुसार प्रतीक्षेचा काळ पाच वर्षे झाला, दरवर्षी किमान ५०,००० प्रतींचे शुल्क बंधनकारक ठरले आणि वेष्टनावर मूळ कलावंताचे नाव वा चित्र छापून दिशाभूल करण्यास मनाई करण्यात आली. फसवणूक टाळण्यासाठी हे योग्यच आहे. तथापि कायद्याची दुसरी बाजू लक्षणीय आहे. कलम ५२-क नुसार ध्वनिमुद्रणावर व त्याच्या वेष्टनावर मुद्रणनिर्मात्याचे नाव व पत्ता, अधिकारधारकाचे नाव व पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष देणे आवश्यक आहे. गायक, गीतकार व संगीतकार यांची नावे छापण्याचे बंधन या कलमात नाही. कर्तृत्वावर हक्क सांगण्याचा लेखकाचा विशेष अधिकार कलम ५७ मध्ये आहे, आणि २०१२ पासून कलम ३८-ख नुसार कलावंतासही तसा अधिकार मिळाला. परंतु तो ज्याने त्याने मागावयाचा आहे. वेष्टनावर मालकाचे नाव आपोआप येते, कर्त्याचे येईलच असे नाही.

नाममुद्रा आणि तिचा लोप

मराठी परंपरेने या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वी शोधले होते. अभंगाच्या अखेरच्या चरणात नामदेव, जनाबाई, तुकाराम यांची नाममुद्रा येते. मुखोद्गत परंपरेत वेष्टन नसते, म्हणून श्रेय रचनेच्या आतच गुंफलेले असते. नाममुद्रा हा कर्तृत्वाचा निर्णायक पुरावा नव्हे. एकाच नावाने अनेकांनी रचना केल्याने संशोधकांपुढे पेच निर्माण झाले आहेत. तरीही रचना हातोहात गेली तरी नाव तिच्यासोबत जाते, हा तिचा लाभ निर्विवाद आहे. शाहिरांनी व वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या आंबेडकरी कवींनी हीच रीत पुढे चालविली.

मिरवणुकीत वाजणाऱ्या आजच्या रिमिक्सची घडण या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. त्यात प्रायः ध्रुवपद व एखादी आकर्षक ओळ घेऊन तिची आवर्तने केली जातात. शेवटचा अंतरा गळतो. नाममुद्रा नेमकी त्याच अंतऱ्यात असते. परिणामी गीत लाखोंच्या कानी पडते, पण कवीचे नाव कोणाच्याही कानी पडत नाही. लोकगीतांच्या बाबतीत 'पारंपरिक' हा शब्द असेच काम करतो. खरोखर अज्ञात कर्त्यासाठी तो उचित आहे. हयात गायकाकडून शिकलेल्या गीतासाठी मात्र तो अन्यायकारक ठरतो. याच्या उलट उदाहरण म्हणजे २०१९ मध्ये मुंबईच्या 'स्वदेसी' या हिप-हॉप समूहाने प्रकाशित केलेले 'द वारली रिव्होल्ट' हे गीत. आरे येथील आदिवासी लोकगायक व कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज त्यात आहे आणि त्यांचे नावही समूहाच्या नावासोबत आहे. त्यामुळे श्रोता गीताकडून गायकाकडे आणि गायकाकडून आरेच्या जंगलाच्या प्रश्नाकडे जाऊ शकतो.

म्युझिक व्हिडिओ : दृश्यामागील कर्ता

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली आणि जाहिरातीचे साधन असलेल्या म्युझिक व्हिडिओस स्वतंत्र कलाप्रकाराचे रूप येऊ लागले. नॉर्वेच्या 'आ-हा' या वाद्यवृंदाचे 'टेक ऑन मी' हे गीत १९८४ मध्ये प्रथम प्रकाशित झाले, तेव्हा त्यास फारसे यश मिळाले नाही. १९८५ मध्ये त्याचे नव्याने मुद्रण झाले आणि स्टीव्ह बॅरन यांच्या दिग्दर्शनाखाली नवा व्हिडिओ तयार झाला. चित्रित केलेल्या दृश्यांवरून तीन हजारांहून अधिक चौकटी पेन्सिलीने रेखाटण्यात आल्या. हे गीत जगभर पोहोचण्यात त्या व्हिडिओचा वाटा मोठा होता. असे असूनही वाहिनीवर गीत व गायक यांच्या सोबत दिग्दर्शकाचे नाव दिसू लागण्यास १९९२ चा उत्तरार्ध उजाडला. नावे दिसू लागल्यानंतर एकाच दिग्दर्शकाच्या कृती शोधून पाहणारा प्रेक्षक घडण्यास मदत झाली.

भारतात १९९४ मध्ये चॅनल व्ही आणि १९९६ मध्ये एमटीव्ही इंडिया आल्यावर चित्रपटाबाहेरील गीतास दृश्यरूप मिळाले. केन घोष दिग्दर्शित 'मेड इन इंडिया' (१९९५) हे त्याचे ठळक उदाहरण. चॅनल व्ही २०१८ मध्ये बंद झाली. तत्पूर्वीच व्हिडिओचे केंद्र दूरचित्रवाणीकडून महाजालाकडे सरकले होते. 'ओके गो' या वाद्यवृंदाचा, व्यायामाच्या सरकत्या पट्ट्यांवरील एकसंध चित्रणाचा २००६ सालचा व्हिडिओ या बदलाची खूण मानला जातो. त्याची नृत्यरचना व दिग्दर्शन यांत ट्रिश सी यांचा प्रमुख सहभाग होता.

आजची शिफारस-व्यवस्था

पूर्वी निवेदक, दुकानदार व समीक्षक जे काम करीत, ते आज बहुतांशी संगणकीय सूत्रे करतात. त्यांतील एक प्रमुख पद्धत अशी : अ आणि ब या श्रोत्यांनी ऐकलेली पुष्कळ गीते समान असतील, तर अ ने ऐकलेले उर्वरित गीत ब ला सुचविले जाते. येथे गीताच्या गुणांचा विचार आवश्यक नसतो. इतरांच्या ऐकण्याची नोंद पुरेशी ठरते. म्हणूनच जे गीत अद्याप कोणी ऐकलेले नाही, ते सुचविण्यास ही पद्धत असमर्थ असते. नवोदित स्वतंत्र कलावंत नेमका याच कोंडीत सापडतो. २०२४ पासून स्पॉटिफाय या सेवेवर मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकल्या न गेलेल्या मुद्रणास मानधन मिळत नाही. त्यामुळे न सापडण्याची किंमत आर्थिकही झाली आहे.

प्रत्येक ध्वनिमुद्रणास १२ अक्षर-अंकांचा आंतरराष्ट्रीय संकेतांक असतो आणि रिमिक्सला स्वतंत्र संकेतांक मिळतो. त्यामुळे यंत्राला मुद्रण अचूक ओळखता येते. परंतु संकेतांक म्हणजे नाव नव्हे. गीतकार व निर्मात्यांची नावे दाखविण्यास स्पॉटिफायने २०१८ मध्ये प्रारंभ केला, म्हणजे सेवा सुरू झाल्यानंतर जवळजवळ एका दशकाने. याउलट २००८ मध्ये सुरू झालेल्या 'बँडकँप' या विक्रीस्थळावर कलावंतास आपल्या संग्रहाच्या पानावर वादक, मुद्रक व चित्रकार यांची नावे स्वतः लिहिता येतात. तेथे श्रोता एका वादकाच्या नावावरून दुसऱ्या संग्रहाकडे जाऊ शकतो.

महाविद्यालयाची भूमिका

हा विषय केवळ संगीत विभागापुरता मर्यादित नाही. स्नेहसंमेलनात व युवक महोत्सवात विद्यार्थी रिमिक्सवर नृत्य सादर करतात, लघुपट तयार करतात, लोकगीते गातात. निबंधात अवतरणाचा स्रोत द्यावा, असा आग्रह धरणारे महाविद्यालय रंगमंचावर तोच आग्रह क्वचितच धरते. कार्यक्रमपत्रिकेत मूळ गीत, कवी, संगीतकार, गायक व पुनर्रचनाकार यांची नावे देणे, लोकगीत कोणाकडून शिकले ते नोंदविणे आणि निवेदकाने ते सांगणे, एवढ्या गोष्टी खर्चाविना साध्य होण्याजोग्या आहेत. ज्या संस्थांकडे सामुदायिक रेडिओ आहे, त्यांना विविध भारतीच्या निवेदनपद्धतीचा आदर्श समोर ठेवता येईल. नाव शोधण्यासाठी विद्यार्थ्यास जी खटपट करावी लागेल, ती स्वतःच एक लहानसे संशोधन ठरेल.

निष्कर्ष

१. स्वतंत्र संगीत ही प्रथमतः निर्मिती व वितरणाची व्यवस्था आहे. तिला शैली मानल्याने तिचा आर्थिक व सामाजिक आशय दृष्टिआड होतो.
२. वर्जन व रिमिक्स या भिन्न प्रक्रिया असून दोहोंत जुना व नवा असे दोन्ही कर्ते असतात. एकाचे नाव घेण्यासाठी दुसऱ्याचे पुसण्याची आवश्यकता नाही.
३. कायदा मालकाची नोंद अनिवार्य करतो. कर्त्याची नोंद बहुतांशी प्रथा व सदिच्छा यांवर अवलंबून आहे.
४. शिफारस-व्यवस्था श्रोत्यास इतरांनी ऐकलेल्या गीताकडे नेते. श्रेयनामावली त्यास कर्त्याकडे नेते. शोधासाठी दुसरी वाट खुली राहणे आवश्यक आहे.

१९४९ मध्ये श्रोत्यांनी 'गायिका कोण?' असे विचारले नसते, तर त्या मुद्रिकेपुरते तरी 'कामिनी' हेच नाव राहिले असते. आज गीत मिळविण्यासाठी श्रम पडत नाहीत; म्हणून तो प्रश्न विचारण्याची सवय मात्र जाणीवपूर्वक लावावी लागेल.