विश्लेषण : रविवारी लोकलने सहल… पण परतीची शेवटची गाडी किती वाजता?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरहून सकाळी निघून रात्री घरी परतता येईल, अशी ठिकाणे कमी नाहीत. स्वतःची गाडी नसली तरी लोकल, एसटी आणि शेअर रिक्षा मिळून डोंगर, किल्ला, लेणी किंवा समुद्रकिनारा गाठता येतो आणि खर्चही माफक होतो. मात्र अशा सहलींचा विचका बहुधा जाताना होत नाही, परतताना होतो. सुटीचा रविवार हाच रेल्वेच्या मेगाब्लॉकचा दिवस आणि पर्यटनस्थळांवरील सर्वाधिक गर्दीचाही दिवस. त्यामुळे कुठे जायचे यापेक्षा परत कसे यायचे, हे आधी ठरवावे लागते. ते कसे, याचा आढावा.

उपनगरातून किती दूर जाता येते?

एप्रिल १८५३ मध्ये बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्यापर्यंत धावली. आज मुंबईची उपनगरी सेवा मध्य रेल्वेवर कसारा, कर्जत आणि खोपोलीपर्यंत, तर पश्चिम रेल्वेवर डहाणूपर्यंत पसरली आहे. सीएसएमटीपासून कर्जत सुमारे १०० किलोमीटर आणि कसारा सुमारे १२० किलोमीटर. म्हणजे सह्याद्रीचा पायथा लोकलच्या तिकिटावर गाठता येतो. हार्बरच्या बाजूला जानेवारी २०२४ मध्ये गाडी थेट उरणपर्यंत जाऊ लागली.

पण उपनगरवासीयांचा नकाशा एकच नाही. अंधेरी-बोरिवलीकरांना वसई, केळवे, डहाणू सोयीचे. मुलुंड-घाटकोपरकरांना अंबरनाथ, नेरळ, कर्जत, आसनगाव जवळचे. बोरिवलीहून माथेरान किंवा मुलुंडहून डहाणू अशक्य नाही, पण आधी दादरला येऊन मार्ग बदलण्यात दिवसाचा ताजा वेळ खर्ची पडतो. वसई-दिवा मार्ग दोन्ही रेल्वेंना जोडतो खरा, मात्र त्यावरील मेमू गाड्या मोजक्या असल्याने त्यांच्या वेळा पाहूनच बेत आखावा लागतो. अंधेरी आणि घाटकोपरकरांना मात्र २०१४ पासून पहिल्या मेट्रोने दादरचा वळसा टाळता येतो. अंधेरीच्या कुटुंबाने माथेरान ठरवले असेल, तर मेट्रोने घाटकोपर आणि तेथून कर्जत लोकल हा सरळ मार्ग. मुलुंडला कर्जत-कसाऱ्याच्या सगळ्या जलद गाड्या थांबत नाहीत. त्यामुळे तिथल्या प्रवाशांनी एक स्थानक पुढे जाऊन ठाण्यात गाडी बदललेली बरी.

बोरिवलीच्या दारात काय आहे?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे मुख्य प्रवेशद्वार बोरिवली पूर्व स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल, त्यात तुळशी आणि विहार हे दोन तलाव आणि मधोमध कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झालेले हे खोदकाम जवळपास हजार वर्षे चालले. डोंगरात कोरलेल्या पाण्याच्या टाक्या आणि पन्हळी पाहिल्या की येथे भिक्षूंची मोठी वस्ती बारमाही कशी राहत असेल, याचा अंदाज येतो. प्रवेशद्वारापासून लेणी पाच-सहा किलोमीटर आत आहेत. तिथे जाणाऱ्या बसची रांग दुपारी वाढते, म्हणून सकाळी आधी लेणी आणि मग बाकीचे उद्यान हा क्रम बरा. सोमवारी उद्यान बंद असते.

गंमत अशी की, याच जंगलाची दुसरी बाजू मुलुंडच्या इमारतींना टेकलेली आहे. खिडकीतून डोंगर दिसतो, पण उद्यानाच्या फाटकाशी पोहोचायला पवईवरून किंवा ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने वळसा घालावा लागतो. उद्यानाखालून जुळे बोगदे काढणारा गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता पूर्ण झाल्यावर हा वळसा वाचेल.

बोरिवली पश्चिमेला गोराई जेट्टीवरून होडीने खाडी ओलांडली की खांबाविना उभ्या असलेल्या विशाल घुमटाचा ग्लोबल विपश्यना पॅगोडा आणि पुढे गोराईचा किनारा. मालाडकरांसाठी मार्वे-मनोरी आणि अंधेरीकरांसाठी वर्सोवा-मढ अशाच फेरी आहेत. अर्ध्या दिवसाची सर्वांत स्वस्त सहल हीच.

वसई, केळवे आणि डहाणूचे गणित वेगळे का?

वसईपर्यंत काळजीचे कारण नाही. विरार लोकल सतत असतात. वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेकडून किल्ल्याच्या दिशेने बस आणि रिक्षा मिळतात. पोर्तुगीजांनी दोनशे वर्षे राखलेला हा किल्ला मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने जिंकला. पडक्या चर्चच्या कमानी, समुद्राकडचा दरवाजा आणि तटबंदी पाहायला तीन तास सहज लागतात.

विरारच्या पुढे चित्र बदलते. डहाणूपर्यंत उपनगरी सेवा २०१३ मध्ये सुरू झाली, पण विरार-डहाणू पट्ट्यात लोकलला लांब पल्ल्याच्या आणि मालगाड्यांबरोबर दोनच रुळांवरून धावावे लागते. त्यामुळे फेऱ्या कमी आणि एक गाडी चुकली की पुढची बराच वेळ येत नाही. केळवे रोड स्थानकापासून किनारा काही किलोमीटर दूर आहे. सकाळी गाडीतून उतरणारी गर्दी पाहून शेअर रिक्षा हजर असतात, सूर्यास्तानंतर तितक्या नसतात. शीतलादेवीचे मंदिर, सुरूचे बन आणि किनारा पाहून संध्याकाळच्या नेमक्या गाडीसाठी निघायचे, हे येथे पोहोचतानाच ठरलेले असावे. सूर्यास्त पाहण्याचा मोह आवरत नसेल, तर गोराई बरी. पण तिथेही शेवटच्या होडीची वेळ उतरतानाच विचारून घ्यावी.

माथेरानला एका दिवसात जाऊन येता येते?

येते, पण मिनी ट्रेनचा हट्ट दोन्ही बाजूंनी धरला तर नाही. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेस हा डोंगर पडला आणि १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाने नेरळहून तिथे दोन फूट रुंदीची रेल्वे नेली. सुमारे २१ किलोमीटरचा हा घाट चढायला गाडीला दोन-अडीच तास लागतात. फेऱ्या थोड्या, डबे छोटे आणि रविवारी नेरळच्या तिकीट खिडकीवर रांग मोठी. जाताना आणि येताना गाडीच पकडायची म्हटले, तर पाच तास प्रवासातच जातात आणि वर बाजारात जेवण करून परत फिरण्यापलीकडे काही उरत नाही. पावसाळ्यात तर नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंदच असतो. २०१९ च्या पावसात वाहून गेलेला मार्ग पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला होता.

एका दिवसासाठी व्यवहार्य मार्ग दुसरा आहे. नेरळ स्थानकाबाहेरून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका गाठायचा. तिथून पुढे मोटारींना बंदी. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकावरून माथेरान बाजारापर्यंत रेल्वेची शटल धावते आणि ती पावसाळ्यातही सुरू ठेवली जाते. चालणाऱ्यांना हे अंतर पाऊण-एक तासाचे, सावलीतून. घोडे आहेत, ई-रिक्षाही आहेत. माणसाने माणसाला ओढून नेणाऱ्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्या चालकांना ई-रिक्षा देण्याची योजना राबवावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. उतरताना मात्र दस्तुरीवर टॅक्सी भरेपर्यंत थांबावे लागते आणि रविवारी संध्याकाळी घाटात वाहने अडकतात. नेरळहून ज्या लोकलने निघायचे, तिच्या किमान दोन तास आधी बाजार सोडावा.

ज्यांना इतकी यातायात नको, त्यांच्यासाठी अंबरनाथ आहे. स्थानकाच्या पूर्वेला शिलाहारकालीन शिवमंदिर उभे आहे. शिलालेखानुसार ते शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चे. मुलुंड-घाटकोपरहून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी परतता येते आणि तरीही फार थोडे मुंबईकर ते पाहतात.

लोहगड लोकलने शक्य आहे?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या १२ मराठा किल्ल्यांपैकी रेल्वेने गाठायला सर्वांत सोपा लोहगडच. लोणावळ्यानंतरचे पहिले स्थानक मळवली. तिथून भाजे लेण्यांवरून पायी गडाकडे जाता येते, तर रुळांच्या दुसऱ्या बाजूला कार्ल्याची लेणी. पण मुंबईची उपनगरी हद्द कर्जतला संपते. लोकलचा पास किंवा तिकीट लोणावळ्याला चालत नाही. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीचे वेगळे तिकीट काढून लोणावळा आणि तिथून पुणे लोकलने मळवली, असा प्रवास. दुपारी पुणे लोकल विरळ होतात, त्यामुळे सकाळची पहिली एक्स्प्रेस पकडता आली तरच हा बेत एका दिवसात बसतो.

मेगाब्लॉकचा फटका कसा टाळायचा?

मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर रविवारी साधारण सकाळी ११ ते दुपारी ४ दरम्यान, कधी माटुंगा-मुलुंड, तर कधी ठाणे-कल्याण टप्प्यात देखभालीची कामे होतात. जलद मार्गावर काम असले की जलद गाड्या धीम्या मार्गावरून उशिराने धावतात. धीम्या मार्गावर असले की विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर यांसारख्या स्थानकांवर गाडीच थांबत नाही. पश्चिम रेल्वेचा जम्बोब्लॉक काही वेळा शनिवारी रात्रीच उरकला जातो. त्याशिवाय रविवारच्या वेळापत्रकात फेऱ्याही कमी असतात.

ब्लॉकची वेळ आधी जाहीर होते. सकाळी नऊच्या आत ठाणे ओलांडले आणि परतीची गाडी संध्याकाळी पाचनंतरची धरली, तर मुख्य मार्गावरच्या ब्लॉकची झळ फारशी बसत नाही. परतीचे तिकीट जातानाच काढलेले बरे, कारण संध्याकाळी नेरळ किंवा आसनगावच्या खिडकीवरील रांगेत एक लोकल सहज निघून जाते. दिवसभरात दोन-तीन मार्ग फिरायचे असतील, तर तिन्ही उपनगरी मार्गांवर चालणारे एक, तीन आणि पाच दिवसांचे पर्यटक तिकीट मिळते. नेहमीच्या प्रवाशांनाही त्याची फारशी माहिती नसते.

एसटी कुठे उपयोगी पडते?

जिथे रूळ संपतात तिथे. कल्याण स्थानकालगतच्या एसटी आगारातून मुरबाड आणि माळशेज घाटाच्या दिशेने गाड्या सुटतात. पनवेलहून पेणकडे जाणारी एसटी गोवा महामार्गावरील कर्नाळा पक्षी अभयारण्याच्या दारातून जाते. बोरिवलीकरांना नॅन्सी कॉलनीचे स्थानक आहे. मात्र जलद गाड्या मधल्या थांब्यांवर थांबत नाहीत. चढण्याआधी वाहकाला विचारावे आणि उतरताना परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, हेही त्यालाच विचारावे. फलकापेक्षा वाहकाची माहिती अधिक भरवशाची असते.

जानेवारी २०२५ मध्ये एसटीची भाडेवाढ झाली, तरी सवलतींमुळे कुटुंबाचे गणित परवडते. मार्च २०२३ पासून महिलांना राज्यात अर्धे तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत. ७७ वर्षांचे आजोबा, ६८ वर्षांची आजी, आई आणि बाबा असे चौघे निघाले, तर दोनच पूर्ण तिकिटांचे पैसे लागतात. ओळखपत्र जवळ हवे. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास चार आणि सात दिवसांचा आहे. एका दिवसाच्या सहलीला त्याचा उपयोग नाही.

पावसाळ्यात काय पाहायचे?

आधी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. भिवपुरी, कर्जत, लोणावळा परिसरातील धबधबे आणि धरणांवर पावसाळ्यात अनेकदा मनाई आदेश लागू होतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळून चौघांचा मृत्यू झाला. दोन्ही दिवस रविवार होते. वरच्या डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही ओढ्याचे पाणी काही मिनिटांत चढते आणि गर्दीत मागे फिरायला वाट राहत नाही. शनिवारी सुटी असणाऱ्यांनी शनिवारी जावे, हा साधा उपाय. गर्दी कमी आणि मेगाब्लॉकही सहसा नाही.

परदेशात ही अडचण नाही?

आहे. इंग्लंडमध्ये शहरातून रेल्वेने निघून दिवसभर टेकड्यांवर चालण्याची परंपरा जुनी आहे. एप्रिल १९३२ मध्ये मँचेस्टर परिसरातील शेकडो कामगारांनी खासगी मालकीच्या किंडर स्काउट डोंगरावर चालून जाण्याचा हक्क बजावला, तोही रविवारीच. पण आज तिथल्या ग्रामीण भागातही स्थानकापासून पुढची रविवारची बस हाच कळीचा प्रश्न आहे. यॉर्कशायर डेल्समध्ये रविवार आणि सुटीच्या दिवशी सहलीसाठीच्या बस एक ना-नफा संस्था चालवते. सरकारने जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडमधील एकेरी बसभाड्यावर दोन पौंडांची मर्यादा घातली, ती २०२५ मध्ये तीन पौंड झाली. आपल्याकडे भाडे कमी आहे. केळवे रोड किंवा आसनगावला रविवारच्या लोकलच्या वेळेशी जुळणारी बस मात्र नाही. माहुलीच्या पायथ्याला जायचे तर रिक्षावाला सांगेल तो दर.

पुढे काय बदलेल?

विरार-डहाणू चौपदरीकरण पूर्ण झाल्यावर केळवे-डहाणूच्या लोकल वाढवता येतील. पनवेल-कर्जत हा सुमारे ३० किलोमीटरचा उपनगरी मार्ग प्रवाशांसाठी खुला झाला, की हार्बरवरून कल्याणचा वळसा न घेता कर्जत गाठता येईल आणि वाटेत चौकसारखी गावे लोकलच्या टप्प्यात येतील. चौकजवळच प्रबळगड आणि इर्शाळगड आहेत. त्या स्थानकांपासून गडांच्या पायथ्यापर्यंत एसटी सोडण्याचा निर्णय रेल्वेच्या हाती नाही, तो एसटी महामंडळाला घ्यावा लागेल.