टीव्ही गेमच्या कॅसेटला नवे लेबल लावताना

नव्वदच्या दशकात मराठवाड्यातील अनेक घरांत उन्हाळ्याच्या सुट्टीबरोबर टीव्ही गेमही आला. कोणी तो विकत घेतला, कोणी तासावर भाड्याने आणला. त्या गेमच्या कॅसेटी नांदेड-लातूरकडील जुन्या घरांच्या माळ्यावर आजही सापडतात. पुष्कळदा त्या चालूही असतात. मात्र वरचे लेबल फाटलेले किंवा पार निघून गेलेले असते. अशा कॅसेटीला नवे लेबल करून लावण्याचा छंद जगभर रुजला आहे. आपल्याकडेही ते अवघड नाही. मात्र त्यात एक पथ्य पाळावे लागते.

कॅसेटीतील खेळ कारखान्यातच चिपमध्ये कायमचा कोरलेला असतो, म्हणून तो दशकानुदशके टिकतो. लेबल म्हणजे निव्वळ कागद आणि डिंक. चाळीस अंशांपुढचा उन्हाळा डिंक सैल करतो आणि पावसाळ्यातील दमट हवा कागद फुगवते. खेळ शाबूत आणि ओळख नाहीशी, अशी अवस्था त्यामुळे होते.

आपल्याकडच्या कॅसेटींचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ हे यंत्र बाजारात आणले. २००३ पर्यंत त्याचे उत्पादन चालले आणि अमेरिकी आवृत्ती धरून सुमारे ६ कोटी १९ लाख यंत्रे खपली. आपल्या घरांत आली ती बहुतांशी त्याची नक्कल. ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी ती विकली जाई. कॅसेटीही नकली असत. लेबलावर ‘९९९९९९९ इन १’ असे छापलेले असे आणि आत मोजकेच खेळ नावे बदलून पुन:पुन्हा येत. चित्र एका खेळाचे, खेळ दुसराच, हाही अनुभव नित्याचा होता. ही लेबले कोणी रेखाटली, कोठे छापली, याची नोंद सहसा सापडत नाही. त्या काळच्या भारतीय बाजाराचा पुरावा म्हणून ते फाटके लेबलच काय ते उरले आहे.

म्हणूनच पहिले पथ्य असे, की जुने लेबल काढण्यापूर्वी त्याची नोंद करावी. कॅसेट स्कॅनरवर पालथी ठेवून ६०० डीपीआयवर स्कॅन करावी. शेजारी मोजपट्टी ठेवावी, म्हणजे माप पक्के होते. लेबल मुळीच उरले नसेल, तर कॅसेटीवरील खाचेची लांबी, रुंदी आणि कोपऱ्यांची गोलाई मोजावी. कॅसेट लावून आत प्रत्यक्षात कोणते खेळ आहेत, तेही लिहून ठेवावे. लावण्यापूर्वी तोंडाने फुंकर मारण्याची जुनी सवय मात्र सोडावी. फुंकरीतील ओलाव्याने धातूच्या पट्ट्या गंजतात. त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसाव्यात.

लेबल काढताना हेअर ड्रायरची मंद ऊब पुरते. डिंक मऊ झाला, की कोपऱ्यापासून सावकाश सोलावे. उरलेला डिंक अल्कोहोलनेच पुसावा. थिनर वापरल्यास कॅसेटीचे प्लास्टिक विरघळते.

संगणकावर चित्र दुरुस्त करताना रंग उजळावेत, सुरकुत्या पुसाव्यात. पण जो भाग फाटून गेला आणि ज्याचा दुसरा नमुना हाती नाही, तो कल्पनेने भरू नये. साधा रंग देऊन मोकळा सोडावा. आधी साध्या कागदावर शंभर टक्के आकारात प्रत काढून ती खाचेत बसवून पाहावी.

छपाईसाठी मोठ्या शहरात जाण्याची गरज नाही. गाड्यांवर ‘एमएच २४’ आणि ‘एमएच २६’चे क्रमांक रेडियममध्ये कापून देणारी दुकाने लातूर-नांदेडला परिचयाची होती. हाय सिक्युरिटी पाट्या आल्यावर ते काम आटले, तरी स्टिकर कापणारे प्लॉटर स्टिकरच्या दुकानांत असतात. व्हिनाइल स्टिकरवर लेझर छपाई, वर पातळ लॅमिनेशन आणि ‘हाफ कट’ एवढेच सांगावे. साध्या इंकजेटची शाई दमट हवेत पसरते, म्हणून ती टाळावी. लेबल मध्यापासून कडेकडे दाबत बसवावे, म्हणजे हवेचे फुगे राहत नाहीत.

आता मुख्य पथ्य. इंटरनेटवर मूळ जपानी लेबलांची सुबक चित्रे सहज मिळतात. ती छापून नकली कॅसेटीला लावली, की ती दिसते छान. पण आपण जे कधी खेळलोच नाही, ते खेळल्याचा खोटा पुरावा तयार होतो. आज हा प्रश्न केवळ भावनेचा राहिलेला नाही. जुलै २०२१मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ची एक सीलबंद प्रत अमेरिकेत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. इतका पैसा आला, की बनावटही येते. शिवाय लेबलावरील चित्रालाही कॉपीराइटचे संरक्षण असते; स्वत:च्या संग्रहापुरती दुरुस्ती करणे वेगळे आणि अशी लेबले छापून विकणे वेगळे.

तेव्हा नव्या लेबलाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘पुनर्मुद्रण’ आणि वर्ष छापावे. जुने लेबल, त्याचे तुकडे झाले असले तरी, कागदात गुंडाळून कॅसेटीसोबत पाकिटात ठेवावे. मूळ वस्तूत केलेला बदल ओळखता यावा आणि पुन्हा काढताही यावा, हे वस्तुसंग्रहालयांचे तत्त्व घरच्या माळ्यालाही लागू पडते. ‘९९९९९९९ इन १’ ही थाप होती खरी. पण ती त्या काळाची खरी थाप होती. ती तशीच जपावी.